दारचा कुत्रा आणि माटोळीची फळे

‘कोल्हा काकडीला राजी’ ही म्हण मराठी शाळेतील लहान मूलही जाणते. थोडक्यात संतुष्ट होणाऱ्या माणसाला चिमटा काढण्यासाठी ती वापरली जाते. परंतु तिच्या मुळाशी कुणा शेतकऱ्याचे डोळस निरीक्षण आहे. कोल्हा मांसाहारी म्हणून ओळखला जात असला, तरी बोरे, जांभळे, ऊस, काकड्या यांवर तो आनंदाने ताव मारतो, हे मळ्याची राखण करणाऱ्यांनी रात्री जागून पाहिले होते. कुत्रा हा कोल्ह्याचा भाऊबंद. तेव्हा पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या एखाद्या घरात आजी पावसाळी तवसे चिरावयास बसली, की दारातील कुत्रा शेपूट हलवीत पायरीवर येऊन बसतो, यात नवल वाटण्याजोगे काही नाही. नवल असेल तर ते इतकेच, की त्या कुत्र्याला काय द्यावे आणि काय देऊ नये, याचा विचार घरात सहसा कुणी केलेला नसतो.

कुत्र्याला गोड आवडते, हा केवळ मालकाच्या लाडाचा परिणाम नव्हे. मांजराच्या जिभेला गोड चव कळतच नाही. ती चव ओळखणारी गुणसूत्रांतील एक कळच तिच्यात निकामी झालेली आहे, असे २००५ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. कुत्र्यात ती कळ शाबूत आहे. पुढे २०१३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात स्वीडनमधील संशोधकांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. लांडगा आणि कुत्रा यांच्या आनुवंशिक घडणीची तुलना करून त्यांनी असे सांगितले, की पिष्टमय अन्न पचविणारा रस निर्माण करण्याच्या सूचनेच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत आढळतात. माणसाच्या उंबरठ्याशी राहून त्याचे उरलेसुरले अन्न खाताना कुत्र्याचे पोटच पालटले, असा याचा अर्थ. गोव्यातल्या सुण्याला भात पचतो, तो असा हजारो वर्षांच्या सहवासाने.

परंतु पचते म्हणजे गरजेचे असते, असे नाही. आपल्याला संत्रे, आवळा, पेरू यांतून जे क जीवनसत्त्व मिळवावे लागते, ते कुत्रा स्वतःच्या यकृतात तयार करतो. फळ हे त्याचे अन्न नव्हे, खाऊ आहे. पशुवैद्य असे सांगतात, की दिवसभरात लागणाऱ्या एकूण उष्मांकांपैकी दहावा हिस्साच काय तो अशा खाऊचा असावा. पंधरा किलो वजनाच्या, बऱ्यापैकी हिंडत्या-फिरत्या गावठी कुत्र्याला दिवसाला सुमारे साडेआठशे कॅलरी पुरतात. त्याचा दहावा भाग पंचाऐंशी. एक मध्यम केळे शंभरेक कॅलरींचे असते. म्हणजे अख्खे केळेही त्याला जास्तच. कलिंगडाचा गर मात्र पाव किलोपर्यंत चालेल, कारण त्यात बहुतेक पाणीच असते. हा हिशेब एकदा मनाशी पक्का झाला, की पुढील पुष्कळ प्रश्न आपोआप सुटतात.

गोमंतकाच्या घरादारांत कुत्र्याला पूर्वापार मानाचे स्थान आहे. डिचोली तालुक्यातील साखळीच्या दत्तमंदिरात दर्शनाला जाणारा भाविक दत्ताच्या पायांशी चार कुत्री पाहतो. ख्रिस्ती घरांतून १६ ऑगस्टला ज्यांचा सण येतो, त्या संत रोक यांच्या चित्रात तोंडात पाव धरलेला कुत्रा असतो. प्लेगने पीडित होऊन रानात पडलेल्या संताला तो रोज पाव आणून देत असे, अशी कथा आहे. शुभवर्तमानात धन्याच्या मेजाखालचे तुकडे खाणाऱ्या कुत्र्यांचा उल्लेख येतो, आणि हिंदूंच्या श्राद्धविधीत कुत्र्यासाठी घास काढून ठेवतात. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. कुत्र्याच्या वाट्याला येते ते माणसाच्या ताटातले.

आणि गोव्याच्या ताटात असते काय? भात आणि हुमण. जेवणे आटोपली, की ताटांतील उरलेला भात, आमटी, माशाचे काटे एकत्र करून कुत्र्यापुढे ओतले जातात. यात कंजूषपणा नाही, उलट माया आहे. मात्र त्या हुमणात वाटलेला कांदा असतो, लसूण असते, मिरची, मीठ आणि चिंच असते. मिरची-मिठाचे दुष्परिणाम लगेच दिसतात, म्हणून ते कुणालाही कळतात. कांद्याचे तसे नाही. कांदा-लसणीतील गंधकयुक्त द्रव्ये कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात, आणि ती कांदा शिजवल्याने किंवा वाळवल्याने नाहीशी होत नाहीत. शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे पंधरा ते तीस ग्रॅम कांदा पोटात गेला, तर रक्तात बिघाड दिसू लागतो. पंधरा किलोच्या कुत्र्याला हे प्रमाण पाव किलोच्या आसपास पडते. एका वेळी कुणी कुत्र्याला पाव किलो कांदा घालीत नाही, हे खरे. परंतु रोज थोडा थोडा जात राहिला तरी नुकसान साचत जाते. लसूण तर कांद्याहून जहाल. हिरड्या पांढुरक्या पडणे, लघवी गडद तांबूस होणे, चार पावले चालताच धाप लागणे ही लक्षणे तीन-चार दिवसांनी उमटतात, आणि तोपर्यंत शागुतीची ती मेजवानी घरातल्या कुणाच्या ध्यानातही राहिलेली नसते.

यावर उपाय अगदी साधा आहे, आणि त्याला पैसा पडत नाही. माशाला मसाला लावण्यापूर्वी एक लहान तुकडा नुसत्या पाण्यात उकडून, काटे काढून, मूठभर भातात कालवावा. त्यात उकडलेल्या लाल भोपळ्याची एक फोड कुस्करावी. आमटीचे भांडे खरवडून घालण्यापेक्षा हे भोजन कुत्र्याला शतपटीने हितावह आहे.

चिंचेविषयी थोडे अधिक बोलणे अवश्य आहे, कारण ही माहिती अगदी अलीकडची आहे. द्राक्षे आणि बेदाणे खाल्ल्याने कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००१ साली अमेरिकेतील पशुविषतज्ज्ञांनी प्रथम जाहीर केले. कोल्ह्याच्या गोष्टीतील द्राक्षे आंबट होती म्हणून बिचारा वाचला, असे आता म्हणावे लागेल! कारण मात्र पुढील वीस वर्षे उमगले नव्हते. एकाच आकाराचे दोन कुत्रे तेवढीच द्राक्षे खातात, त्यांतील एकाला काहीच होत नाही आणि दुसरा मरणाच्या दारी जातो, हे कोडे होते. अखेर ज्यांनी द्राक्षांना तोंडही लावले नव्हते अशा काही कुत्र्यांत हुबेहूब तीच लक्षणे दिसली. त्यांनी खाल्ला होता द्राक्षाम्लाचा क्षार, जो बेकरीच्या कामात वापरतात; आणि काहींनी खाल्ली होती चिंच. टार्टारिक आम्ल हे या तिहींतील समान द्रव्य. २०२१-२२ च्या सुमारास हे अनुमान पशुवैद्यकीय नियतकालिकांतून मांडले गेले आणि आज ते सर्वत्र ग्राह्य धरले जाते. माणसाची मूत्रपिंडे हे आम्ल बाहेर टाकतात; कुत्र्याची तसे करू शकत नाहीत. द्राक्षांत त्याचे प्रमाण जातीनुसार आणि पिकण्यानुसार कमीजास्त असते, म्हणून दोन कुत्र्यांची गत वेगळी.

आता आपल्याकडे द्राक्षाचे मळे नाहीत. पण चिंचेची झाडे वाड्यावाड्यावर आहेत. उन्हाळ्यात चिंच झोडपून, सोलून, मीठ लावून गोळे करण्याचे काम अंगणात चालते, आणि टरफलांचा, चिंचोक्यांचा ढीग बाजूला पडलेला असतो. हुमणातील चिंचेचा अंश अल्प असतो, त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु गोड झालेली पिकली चिंच चघळणाऱ्या मुलांनी कुत्र्यालाही एखादे बोटूक द्यावे, हा खेळ बंद झाला पाहिजे. मूल जे खाते ते कुत्र्याला चालतेच, ही समजूत इथे सपशेल खोटी ठरते.

भाद्रपदात चतुर्थी येते आणि घराघरांत गणपतीच्या डोक्यावर माटोळी सजते. गोव्याबाहेरील वाचकांसाठी सांगावयाचे, तर देवाच्या वर छताला लाकडी चौकट टांगून तिला त्या ऋतूतील फळे, भाज्या, रानफुले आणि रानफळे बांधतात. तिला माटोळी म्हणतात. आठवडाभर आधी डिचोली, साखळी, म्हापसा येथील बाजार या सामानाने ओसंडून जातो. रानातून गोळा करून आणलेल्या जिनसा घेऊन खेड्यांतील बायाबापड्या रस्त्याच्या कडेला बसतात. गोवा सरकारचे कला व संस्कृती संचालनालय माटोळीच्या स्पर्धा भरवते, आणि तेथे शेकडो प्रकारची फळे एका चौकटीत पाहावयास मिळतात. वनस्पतिशास्त्राचा याहून चांगला तास कोणत्याही शाळेत होत नसेल.

कुत्र्याच्या दृष्टीने पाहिले, तर माटोळी म्हणजे अमृत आणि विष एकाच दोरीला बांधलेले. तिच्यात चिबूड आहे, तवसे आहे, केळीचा घड आहे, पेरू आहे, दुधी, पडवळ, घोसाळी आहेत. हे सारे कुत्र्याला चालते. पण तिच्यातच सुपारीचे शिपटे आहे, आणि कवंडळ, कांगले, घागऱ्या ही रानातली मंडळीही आहेत. कवंडळ दिसावयास तांबडेलाल, मोहक. चवीला जहरी कडू आणि पोट ढवळून काढणारे. कांगले म्हणजे देशावरची मालकांगोणी. तिचे तेल औषधात वापरतात, ते वैद्याच्या मापाने. घागरीच्या वाळक्या शेंगा हलवल्या की खुळखुळतात, म्हणून पोरे त्या खेळावयास घेतात. तिच्या कुळातील अनेक वनस्पतींचे बी यकृताला घातक आहे, आणि गुरे दगावल्याचे दाखले आहेत. सुपारीची गोष्ट तर विलक्षण आहे. तिच्यातील अरेकोलिन हे द्रव्य गेल्या शतकात कुत्र्यांच्या पोटातील पट्टकृमी पाडण्यासाठी औषध म्हणून दिले जात असे, आणि त्याने कुत्र्याला इतकी जबर ढाळ लागे, की पुढे सौम्य औषधे निघताच ते मागे पडले. औषध म्हणून तोलून दिलेले जे इतके उग्र, ते कोवळ्या सुपारीच्या रूपाने कुत्र्याने चावून खाल्ले तर काय होईल, हे सांगावयास नको.

देवाच्या वर बांधलेले फळ कुत्र्यापर्यंत पोहोचते कसे, असा प्रश्न कुणी विचारील. दीड दिवसाचा गणपती असेल तर कदाचित पोहोचणार नाही. पण पाच, सात, नऊ किंवा अकरा दिवस दमट हवेत लोंबकळत राहिलेली फळे पिकतात, सुटतात, देठातून गळतात. विसर्जनानंतर माटोळी उतरवली जाते तेव्हा चांगली फळे शेजारीपाजारी वाटली जातात आणि उरलेला पाला, वाळकी रानफळे, सुपाऱ्या परसात माडाच्या मुळाशी टाकल्या जातात. कुत्र्याचे राज्य तिथेच सुरू होते. माटोळी उतरवताना दोन टोपल्या घेतल्या, एक खाण्याच्या फळांची आणि दुसरी रानजिनसांची, आणि दुसरी टोपली कुंपणापलीकडे खड्ड्यात मातीआड केली, की हा धोका उरत नाही. पाच मिनिटांचेदेखील काम नाही.

पहिल्या टोपलीतले चिबूड मात्र कुत्र्यासाठी जरूर राखून ठेवावे. चतुर्थीच्या दिवसांत आपल्याकडील बाजारात पिवळसर, रेघारेघांची, सुवासाने लांबूनच ओळखू येणारी चिबडे येतात. घरात त्यात गूळ-खोबरे घालून खातात. कुत्र्याला गूळ नको, नुसता गर. साल आणि बिया काढून, बोटाच्या पेराएवढे पाच-सात तुकडे. सुवास कुत्र्याला आपल्याहून कितीतरी आधी कळतो. त्याच्या जिभेवर चवीचे अंकुर आपल्यापेक्षा फार थोडे, सुमारे सतराशे. आपल्या जिभेवर नऊ हजारांच्या घरात. फळाची पसंती तो अधिककरून नाकानेच करतो, आणि चिबडाच्या वासापुढे त्याचा निश्चय टिकत नाही.

काकडी आणि दुधी यांच्या बाबतीत एक जुनी घरगुती रीत पाळावी. चिरण्यापूर्वी टोक कापून आपण स्वतः चाखून पाहतो, ती चव कुत्र्याच्या वतीनेही घ्यावी. कडू निघालेल्या काकडीत किंवा दुधीत असलेले द्रव्य माणसालाही घातक आहे. कडू दुधीचा रस पिऊन माणसे दगावल्याच्या घटना भारतात घडलेल्या आहेत. जे आपल्या जिभेला कडू लागले, ते कुत्र्याच्या भांड्यात जाता कामा नये.

पाऊस सरला, की पेडण्याच्या किनारपट्टीवर विहिरीच्या पाण्यावर भाजीचे वाफे उठतात, आणि तिळारीच्या कालव्यामुळे आता आतल्या गावांतूनही उन्हाळी पिके घेता येतात. या दिवसांत लाल भोपळा आणि रताळी ही दोन उत्तम. दोन्ही उकडून, मिठाशिवाय. भोपळ्याच्या धाग्याने कुत्र्याचा कोठा बांधला जातो. जुलाब आणि बद्धकोष्ठ या दोन्ही तक्रारींत पशुवैद्य तो सुचवितात. गाजर कच्चे दिले तर चालते, किंबहुना कुत्र्यांना ते कुरतडण्यात मौज वाटते. परंतु कुत्रा चावतो कमी आणि गिळतो अधिक, म्हणून किसून किंवा वाफवून दिले तरच अंगी लागते, नाही तर जसे गेले तसेच बाहेर पडते. भेंडी, फरसबी, कोबीचे कोवळे पान शिजवून थोडेसे. तांबडी भाजी कधीमधी चमचाभर. तिच्यातील ऑक्झॅलिक आम्ल मूतखड्याचा त्रास असलेल्या कुत्र्याला बाधते. बिंबल आणि करमल यांत तर ते आम्ल इतके, की ही दोन्ही फळे पूर्ण वर्ज्य समजावी. भौगोलिक मानांकन मिळालेली हरमलची मिरची हे गावाचे भूषण आहे. ते गावानेच भोगावे.

सुरण आणि अळू यांचा धोका वेगळ्या प्रकारचा. त्यांत सूक्ष्म सुयांसारखे स्फटिक असतात. आपण चिंच, आंबसोल किंवा बिंबल घालून शिजवतो तेव्हा घसा वाचतो. कोवळा कुत्रा परसातील अळूचा दांडा कुरतडतो, तेव्हा त्याच्या तोंडाची आग होते, लाळ गळू लागते, तो पंजाने तोंड खाजवीत सैरावैरा धावतो. हे पाहून शेजारीपाजारी ‘पिसाळला, पिसाळला’ म्हणून दगड उचलतात. गोव्यात २०१४ पासून घरोघर, वाडोवाडी जाऊन कुत्र्यांना रेबीजची लस टोचण्याची मोठी मोहीम झाली आणि तिचे यश २०२२ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये नोंदले गेले, त्यामुळे ही भीती पूर्वीइतकी राहिलेली नाही. तरीही लाळ गाळणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात हात घालण्याचे धाडस कुणी करू नये. त्याला बांधून, पाणी पुढे ठेवून, दूर उभे राहून पशुवैद्याला बोलवावे. लसीचा दाखला घरात असला, तर अशा वेळी कुत्र्याचा प्राण त्या कागदावर तरून जातो.

उन्हाळ्यात फळांची लयलूट. कलिंगडाचा गर बिया काढून, पिकल्या पपईची फोड काळे बी खरवडून, चिकूचा गर बी वगळून, अननसाचे दोन लहान तुकडे, रसबाळी केळ्याची अर्धी फोड. हे सगळे निर्धोक. नारळाचे ओले खोबरे कुत्र्यांना फार प्रिय असते. त्यात स्निग्धांश भरपूर असल्याने बोटभर पुरे. करवंटी आणि काथ्या चघळावयास कधीही टाकू नये, त्यांचे तुकडे आतड्यात अडकतात. मोरजी, मांद्रे, हरमलच्या किनाऱ्यावर भाजलेली कणसे खाऊन पर्यटक बुरखुंडे वाळूतच टाकतात. तेथील कुत्र्यांच्या दृष्टीने ती बुरखुंडे एखाद्या विषारी फळाहून कमी धोक्याची नाहीत.

तीच गोष्ट आंब्याच्या बाठ्याची. मानकुराद आंब्याला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा अभिमान प्रत्येक गोमंतकीयाला आहे, आणि मानकुरादचा बाठा चोखून झाला की तो अंगणात भिरकावण्याची सवयही प्रत्येकाला आहे. बाठ्याला लागलेला गर कुत्र्याला अर्थातच हवा असतो. मोठा कुत्रा तो चोखतो, आणि चोखता चोखता गिळतो. निसरडा, चपटा, घट्ट बाठा पोटात विरघळत नाही. आतड्याच्या तोंडाशी अडकून बसतो. मग कुत्रा वारंवार ओकतो, खाणे सोडतो, पाठ कमानीसारखी वाकवून कोपऱ्यात उभा राहतो. क्ष-किरण चित्र काढून शस्त्रक्रिया करणे एवढाच मार्ग उरतो, आणि वेळ दवडली तर तोही उरत नाही. आंब्याचा गर कुत्र्याला द्यावा. साल आणि बाठा झाकणाच्या डब्यात टाकावा. फणसाबाबत तर हात आखडताच घेतलेला बरा, त्याचा चीक आणि आठळ्या दोन्ही त्रासदायक.

मार्च ते मे हा काजूचा हंगाम. डिचोली आणि पेडणे या दोन्ही तालुक्यांतील डोंगर काजूच्या झाडांनी भरलेले आहेत. पहाटे बोंडू गोळा करावयास घरचे लोक निघाले, की कुत्रा पुढे धावतो. साप, रानडुक्कर यांची चाहूल तोच प्रथम देतो. तिथे ताजे, पिकले बोंडू त्याने एखादे चघळले, तर तुरट चवीने तो स्वतःच तोंड वेंगाडतो. खरा धोका दोन ठिकाणी आहे. एक, बोंडूला लागलेली हिरवी बी. तिच्या सालीतील तेल माणसाच्या हातांची सालपटे काढते. कुत्र्याच्या जिभेचे आणि ओठांचे तर विचारूच नये. दुसरे ठिकाण म्हणजे कोळंबीभोवतीचा चोथा. बोंडू तुडवून रस काढल्यावर उरलेला तो चोथा उन्हात आंबू लागतो, त्याला गोड-आंबट वास सुटतो, माश्या घोंघावतात आणि कुत्री जमतात. आंबलेल्या फळात मद्यार्क तयार होतो, आणि कुत्र्याचे शरीर तो सोसू शकत नाही. झोकांड्या खाणे, अंग गार पडणे, श्वास मंदावणे, रक्तातील साखर घसरणे, असा त्याचा क्रम असतो. भट्टीवरची माणसे अशा कुत्र्याला पाहून हसतात. भट्टीवर काही वेळ करमणूक व्हावी म्हणून त्याला मुद्दाम नीरो किंवा उर्राक पाजणारेही असतात. तो विनोद नव्हे. तो त्या प्राण्याचा छळ आहे, आणि भट्टीच्या मालकाने तो आपल्या हद्दीत चालू देऊ नये.

नाताळाच्या दिवसांत घरोघरी कुन्सवादाची ताटे फिरतात. नेवऱ्या, दोदोल, कलकल आणि फळांचा केक. केकमध्ये बेदाणे असतात, मनुका असतात. चतुर्थीच्या शिऱ्यातही बेदाणे असतात. वर द्राक्षांविषयी जे सांगितले, ते वाळल्यावर अधिकच तीव्र होते. वजनाच्या दर किलोमागे सुमारे तीन ग्रॅम बेदाण्यांनीही मूत्रपिंडे बंद पडल्याच्या नोंदी आहेत. दहा किलोच्या कुत्र्याला ही एक लहान मूठ झाली. सुरक्षित असे प्रमाण कोणतेच नाही. म्हणून प्रसाद असो वा कुन्सवाद, ताट जमिनीवर किंवा बाकावर ठेवू नये, आणि पाहुण्यांच्या मुलांनी प्रेमाने कुत्र्याला घास भरवण्यापूर्वी घरातील मोठ्या माणसाने ताटात एकदा नजर टाकावी. लदिनीनंतर वाटल्या जाणाऱ्या उकडलेल्या चण्यांतील चार दाणे बिनमिठाचे असतील, तर खुशाल द्यावेत.

इतके करूनही चूक घडते. कुत्र्याने बेदाणे, द्राक्षे किंवा चिंच खाल्ल्याचे कळले, तर तो बरा दिसतो म्हणून वाट पाहू नये. ओकारी बहुधा पहिल्या दिवसातच सुरू होते. लघवी कमी होणे, मलूलपणा ही लक्षणे एक ते तीन दिवसांनी येतात, आणि तेव्हा मूत्रपिंडांचे नुकसान होऊन गेलेले असते. पहिले दोन तास मोलाचे. त्या वेळात पशुवैद्य औषध देऊन ओकारी करवतो आणि पोट रिकामे होते. घरच्या घरी मिठाचे पाणी पाजून ओकारी करवण्याचा जुना उपाय करू नये. अति मिठानेच कुत्रा दगावू शकतो. तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात फोन करताना चार गोष्टी तयार असाव्यात: काय खाल्ले, साधारण किती, किती वाजता, आणि कुत्र्याचे वजन किती. वजन ठाऊक नसेल, तर कुत्र्याला उचलून घेऊन काट्यावर उभे राहावे आणि आपले वजन त्यातून वजा करावे. खाल्लेल्या फळाचा उरलेला तुकडा, बी किंवा ओकारीतील अंश कागदात बांधून सोबत न्यावा. तेरेखोलसारख्या गावातून केरीची फेरी गाठावी लागते. रात्रीच्या वेळी ती मिळेलच असे नाही. अशा गावांतील लोकांनी जवळच्या पशुवैद्याचा फोन आणि रात्री वाहन मिळण्याची सोय यांची चौकशी आधीच करून ठेवावी, आणि तो क्रमांक घरातील दिनदर्शिकेवर ठळक लिहून ठेवावा.